खोचलेला पदर

मोताळ्याच्या कापूस जिनिंगमध्ये बायकांना सुरक्षेचं शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी मनातून पार घाबरले होते. आदल्या हंगामात दुसऱ्या एका जिनिंगमध्ये फिरत्या पट्ट्यात पदर अडकून एका बाईचा हात गेला होता. आमच्याकडे तसं झालं तर दोष माझाच असणार होता.

पहिल्या दिवशी मी पडद्यावर चित्रं दाखवली. “समजलं ना?” विचारलं की सगळ्या एकसुरात म्हणायच्या, “हाव.” मी इथलीच सून. या ‘हाव’चा अर्थ ‘आता सोडा’ असाही होतो, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी घरून जुनं लुगडं नेलं. सगळ्यांना लांब उभं केलं आणि काठीनं त्याचं टोक चालू पट्ट्याजवळ नेलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत लुगडं गेलं. या वेळी कुणी हाव म्हटलं नाही.

मग त्यांनाच एकमेकींच्या चुका धरायला लावलं. सगळ्यांत वयस्कर काकूंची नजर तर घारीची. “पदर खोच वं, नाई तं नवऱ्याले भाकरी कोन थापीन?” म्हणायच्या. चहाची सुट्टी झाली तरी बायका उठेनात. माझी भीती जराशी कमी झाली.

आठवडाभरानं काम जोरात चालू असताना मालक अचानक आत आले. काकूंनी कमरेला खोचलेला पदर झटकन काढला आणि डोक्यावर घेतला. पट्टा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. कशीबशी धावले आणि पट्टा थांबवायचं लाल बटण दाबलं.

“काकू, शिकवलं होतं ना?” मी रडकुंडीला आले होते.

“शिकवलं ते समदं ध्यानात हाये, बाई. पन मालक आले तं काय करायचं, हे कुठं सांगतलं?”

उत्तर द्यायला गेले, तर माझा एक हात अजून बटणावर होता आणि दुसऱ्यानं मी डोक्यावरचा पदर धरलेला होता. तो कधी घेतला, मला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यंत्रं बंद ठेवून मालकांना विनंती केली, दारातून दहा वेळा आत या. पहिल्यांदा सगळ्यांचे हात पदराकडे गेले. दहाव्यांदा काकूंचा हात कमरेवरच थांबला.

माझा थांबला नाही. मालक आले की तो अजूनही उठतो, म्हणून मी पट्ट्याजवळ उभीच राहत नाही.