मानसीसाठी कॉलेज बघताना

मी महाडजवळच्या वीर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या वहीत चार शब्द लिहिलेले होते: संलग्न, स्वायत्त, अभिमत, खासगी. एकाचाही अर्थ धड ठाऊक नव्हता. पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याला माझा चुलतभाऊ दत्तू राहतो. त्याची मुलगी मानसी बारावी सायन्स झाली होती. "ताय, आमच्यात शिकलेली तूच हायस. ये नि ठरव," असं तो फोनवर म्हणाला, आणि मला नाही म्हणवेना.

रिक्षानं महाड गाठलं. एसटी स्टँडवर बापलेक उभे होते. मानसीला केमिस्ट्री शिकून एमआयडीसीतल्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करायचं होतं. एवढं तिला पक्कं माहीत होतं. गोंधळ त्याच्या पुढचा होता.

आधी महाडातल्याच पदवी कॉलेजात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आमचं कॉलेज संलग्न आहे. म्हणजे शिकवतो आम्ही, पदवी देतं विद्यापीठ."

"आणि डिप्लोमा?" मी विचारलं.

"तो तंत्रनिकेतनात. बारावी सायन्सवर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. पण ती पदवी नव्हे."

"मंग दोन्हीत मोठा कंचा?" दत्तूनं विचारलं.

"मोठं-लहान नसतं हो, वेगळं असतं. फॉर्म उद्या दुपारपर्यंतच घेणार आहोत."

मी सगळं लिहून घेतलं आणि आणखीच गोंधळले.

तिथून कापडाच्या दुकानावरच्या माडीत गेलो. एका खासगी संस्थेनं तिथं प्रवेशाचं ऑफिस थाटलं होतं. टाय लावलेला तरुण म्हणाला, "युनिव्हर्सिटी आमची स्वतःची आहे. आज नाव नोंदवलंत तरच सीट." त्यानं गुळगुळीत रंगीत पुस्तिका पुढे केली.

मानसीनं ती शेवटपर्यंत चाळली. "पोहायचा तलाव दिसला. लॅब कुठाय?"

तरुणानं पानं उलटली, परत उलटली. "लॅब आहे ना. फोटो काढायचा राहिलाय."

दत्तू मात्र भुलला होता. "ताय, ह्येच बरा वाटतंय." जेवून ठरवू, म्हटलं.

खानावळीत बांगड्याचं ताट आलं. समोर हमीदभाई म्हणून एक गृहस्थ बसले होते. बरीच वर्षं आखातात काढून आता महाडात टेम्पो चालवत होते. पुस्तिका बघून ते म्हणाले, "मुलीसाठी बघताय? माझ्या पोराची डिग्री नोकरीसाठी तपासायला पाठवली, तेव्हा कळलं, त्या कोर्सला मान्यताच नव्हती. तीन वर्षं पाण्यात. सगळे तसे नसतात. पण डिग्री कोण देतो नि त्याला मान्यता कुणाची, तो कागद आधी मागा."

आम्ही परत माडीवर चढलो. तरुण म्हणाला, "कागद उद्या मेल करतो. नाव आजच घाला." दत्तू पुस्तिका टेबलावर ठेवून जिना उतरला.

संध्याकाळी कापड्याला वहिनीनं भाताबरोबर पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) वाढली. दत्तू म्हणाला, "तुज्या कॉलेजात कसा होता? त्यावरनं सांग."

मी घास ताटात ठेवला. इतकी वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं. "माझं कॉलेजच नव्हतं. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. स्वयंपाकघरात बसून. वर्ग कसा असतो, मला माहीत नाही."

"म्हंजे डिग्री खोटी?" वहिनी दचकली.

"खरी आहे गं. मान्यतेची आहे."

मानसीनं विचारलं, "मग मीपण घरी बसून केमिस्ट्री शिकले तर?"

"केमिस्ट्रीला हात लावायला लॅब लागते गो!" मी म्हणाले. दिवसभरात खात्रीनं बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

डिप्लोमापेक्षा पदवीच हवी, असं मानसीचं म्हणणं पडलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही पुन्हा त्या पदवी कॉलेजात गेलो. मानसीनं बाईंना आधी लॅब दाखवायला सांगितलं. शिपायानं कुलूप काढलं. जुनी टेबलं, डागाळलेल्या फरश्या, नाकात जाणारा वास. मानसी एकेका बाटलीवरचं नाव वाचत पार टोकापर्यंत गेली. परत आली ती पेन मागतच. फॉर्म तिनंच भरला. दत्तूनं फक्त सही केली.

वीरला ती मला सोडायला आली. गाडी दिसू लागली तेव्हा हळूच म्हणाली, "आत्या, पहिल्या दिवशी वर्गात पुढं बसू की मागं?"

"मला काय माहीत गो? बसलीस की तूच मला कळव."

गाडी सुटल्यावर वही काढली. स्वायत्त आणि अभिमत यांतला फरक मला अजूनही कळलेला नव्हता. एवढं मात्र कळत होतं, की मला त्या पोरीचा हेवा वाटत होता.