सिस्टर सुई टोचत नाही

आमच्या सोलापुरात सिस्टर म्हणजे दवाखान्यातली, सुई टोचणारी. कॉन्व्हेंटात पहिल्या दिवशी पांढऱ्या झग्यातल्या बाईंना सगळी मुलं ‘गुड मॉर्निंग सिस्टर’ म्हणाली आणि मी दंड झाकून घेतला. वर्षभर झाकलेलाच. प्रार्थनेला हात जोडतानाही कोपरं अंगाशी दाबून धरायची. आई वैतागायची, “शाळंतली सिस्टर हाय ती, येडे! सुई न्हाय टोचत.”

परीक्षेच्या आधी देवीची लस टोचायला सरकारी माणूस वर्गात आला. तेव्हा मात्र आईचं खरं मानून मी धावत जाऊन सिस्टरच्या झग्यात तोंड खुपसलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, माझी बाही वर केली आणि दंड त्याच्यापुढं घट्ट धरला.

आई खोटं बोलली नव्हती. सुई त्यांनी टोचली नाही.