एकाच रक्तगटाचा पाडा

ती बाई मी पाहिली ती मृतदेह म्हणूनच, तरी तिचं प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. नव्वदच्या दशकात माझी नेमणूक शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होती. डोळखांबकडच्या पाड्यावरची ही बाई बाळंतपणानंतर एका खासगी दवाखान्यात दगावली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. तिच्या भावाने रक्त दिलं होतं. डॉक्टरांनी जबाबात लिहून दिलं, ‘रक्तदाता दारू पितो, त्याचं रक्त दूषित असावं.’ पाड्यावर तेच पसरलं. भावाशी कुणी बोलेना.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली आया ठाण्यात आली.

“सायेब, रगत चढवल्याबरोबर ती थंडीनं कापाय लागली. कंबर धरून वरडत व्हती. लघवी काळी झाली. आदी काढलेली तिची रगताची नळी मी फ्रीजमदीच ठेवलीय.”

नळी पंचनाम्याने जप्त केली. भावाचा नमुनाही घेऊन दोन्ही सरकारी रुग्णालयात पाठवले. भाऊ ‘बी’ निघाला, बहीण ‘ओ’.

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी समोर भावाबहिणीची दोन कार्डं ठेवली. आरोग्य शिबिरात वाटलेली. दोन्हीवर ‘बी पॉझिटिव्ह’.

“सख्खी भावंडं, कार्डंही सारखी. अजून काय बघायचं?”

“दोघांचं रक्त मिसळून बघायचं. किती वेळ लागतो?”

“पाऊण तास. पण बाईचं रक्त थांबत नव्हतं.”

“रक्त देण्याआधी भाऊ तुमच्या पायरीवर तीन तास बसला होता. तुम्ही जेवायला घरी गेला होता.”

मी दोन्ही कार्डं जप्त केली.

मी पाड्यावर गेलो. रेशनकार्डाच्या पिशवीतून लोकांनी शिबिराची कार्डं काढून दिली. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळे ‘बी पॉझिटिव्ह’, एकाच पेनाने. एका आजीने दहाही बोटं माझ्यापुढे धरली. “टोचलाच नाय, बाबा. नाव इचारला, बिस्कुटाचा पुडा दिला, कारड दिला.”

शिबिरात रक्तगट तपासायला नेमलेला तंत्रज्ञ ठाण्यात तासाभरात बोलला. “साहेब, ही माणसं आपसातच लग्नं करतात. वेगळा गट कशाला असेल?”

इतकी वर्षं गुन्हेगार पाहिले, पण हात उचलावासा वाटला तो याच्यावर. हातात सुई असलेल्या माणसाला त्या पाड्यावरचं एक बोट टोचावंसं वाटलं नाही.

निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला, डॉक्टर आणि तंत्रज्ञ दोघांवर दोषारोपपत्र दाखल केलं. खटला रेंगाळला. दवाखान्याची पाटी तशीच राहिली. एकाच आईच्या पोटच्या दोघांचे गट वेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येक बाटली रुग्णाच्या रक्ताशी जुळवूनच द्यायची, एवढंच काम होतं. ते टाळायला कुणाला कसली भीती वाटली नाही, कारण पलीकडे पाडा होता. गुन्हा पुष्कळदा असा, जाब विचारणारं कुणी नाही या खात्रीवर घडतो, हे मी तिथे शिकलो.

बदलीच्या आधी भाऊ ठाण्यात आला.

“सायेब, माजा रगत खराब व्हता का?”

“नाही. चांगलं होतं. तिच्या गटाचं नव्हतं.”

“मंग तेवढा कागदावर लिवून द्या. पाड्यावर दावतो.”

असा दाखला द्यायची तरतूद कुठल्याही नियमात नाही. मी लिहिला, सही केली आणि ठाण्याचा शिक्का मारला.