दिवेलागणीआधी घरात

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद आजच लावतोय, कारण गोष्ट डोक्यातून जात नाही.

सकाळी दुकान बंद ठेवून एका डॉक्टरांबरोबर आंदर मावळात गेलो होतो. रातांधळेपणा घराण्यात कसा उतरतो, ते डॉक्टर शोधताहेत.

"आमच्यात असलं काय न्हाई," एका घरचे आबा म्हणाले. "आमची मानसं दिवेलागणीआधी घरात. आज्यापासनं रीत हाय." मला कौतुकच वाटलं.

आतून त्यांची कारभारीण म्हणाली, "माज्या म्हायेरीबी हीच रीत. म्हनून तर लेक भावाच्या घरी देतोय."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "आबा, अंधारात दिसत नाही म्हणूनच ही रीत पडली असेल. दोन्ही घरं जोडलीत, तर नातवंडांना धोका जास्त."

आबा माझ्याकडे वळले. "भाऊ, सुपारी फुटलीया. आता काय करू?"

तुम्ही काय सांगितलं असतंत?