बर्फातला कप्तान आणि केबिनमधला डबा

सातपूरच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. दोन हजार सालच्या आगेमागे मंदी आली आणि आमच्या खात्यातल्या मशिनी गप्प झाल्या. वरून निरोप आला, माणसं टिकली तर दसऱ्यानंतर नवं काम इथेच देऊ, पांगली तर मशिनी उचलून दुसरीकडे नेऊ. पगार निम्मा, काम नाही आणि माणसं टिकवायची मी. बोलायला काय जातंय यांच्या बापाचं!

वर मला ट्रेनिंगला धाडलं. गंगापूर रोडच्या एका हॉटेलात टायवाला ट्रेनर पडद्यावर बर्फ दाखवत होता. कुणी एक कप्तान ध्रुवाकडे निघाला, जहाज बर्फात अडकलं, तरी त्याने सगळी माणसं जिवंत परत आणली. मी मनात म्हटलं, निफाडच्या थंडीत स्कूटर चालवून दाखव, मग ध्रुवाचं सांग. पण दोन गोष्टी डोक्यात राहिल्या. रिकाम्या हातांना काम द्यायचं आणि सगळ्यात कुरकुऱ्या माणसाला आपल्याच तंबूत झोपवायचं.

गंमत अशी की त्याच्या आदल्याच आठवड्यात मी अंबडच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आलो होतो. दसऱ्यानंतर या, म्हणाले होते. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. घरचे सोडून कुणाला पत्ता नव्हता.

आमचा कुरकुऱ्या सटाण्याकडचा, मिलिंग मशीनवरचा. चहा पातळ इथपासून सरकार नालायक इथपर्यंत त्याची तक्रार चालायची. जेवणाच्या सुट्टीत कामगार मशिनींमध्ये गोल करून बसत, डबे मध्ये ठेवत. मी केबिनमध्ये एकटा जेवायचो, ती तिथली पद्धतच होती. मला तंबू कुठला? मी त्याला केबिनमध्ये जेवायला बोलावलं. वाटलं, आढेवेढे घेईल. तर हा लगेच डबा घेऊन हजर.

मग रोज यायचा. "वहिनींच्या हाताला चव हाय, साहेब," म्हणत माझी शेवभाजी निम्मी संपवायचा आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडायचा. बाकीच्यांकडून मी मशिनी पुसून घेतल्या, ऑइल घालून घेतलं, भिंती रंगवून घेतल्या. शिव्या खाल्ल्या, पण एकही माणूस गेला नाही. मला वाटलं, कप्तानाची युक्ती लागू पडली. जरा ताठ्यातच फिरायला लागलो.

खंडेनवमीला मशिनी धुतल्या. मखमलाबादच्या एकाने घरच्या मळ्यातला झेंडू आणला होता. मोठ्या मशिनीपुढे नारळ खात्याच्या सुपरवायझरने फोडायचा, हा आमचा रिवाज. मी नारळ हातात घेतला तेवढ्यात कुरकुऱ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, पुढच्या वर्षी नारळ अंबडला फोडणार का?"

माझा हात तिथेच थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"माझा साडू तिथं गेटवर हाय. तुम्ही गेलात त्याच दिवशी सगळ्यांना कळलं. साहेबच गेले तर खातं राहत नाय. मग आमचं ठरलं, साहेबांना एकट्याने जेवू द्यायचं नाय. एकटा माणूस लय विचार करतो. मी येणारच होतो केबिनमध्ये. तुम्हीच बोलावलंत, बरं झालं."

आधी राग आला, खोटं कशाला सांगू. महिनाभर मी याला सांभाळतोय अशा तोऱ्यात होतो. मग मागे वळून पाहिलं. बाकीचे हात जोडून मशिनीकडे बघत उभे होते, माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यात फुटला.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सकाळीच अंबडला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दुपारी कुरकुऱ्या डबा घेऊन केबिनकडे निघाला होता, त्याला दारातूनच मागे फिरवलं आणि माझा डबा घेऊन त्याच्यामागोमाग त्या गोलात जाऊन बसलो.