तिसऱ्या गाण्यातली रिकामी जागा

माझ्या रक्तातली साखर किती, आणि ती असूनही मी स्टँडजवळ जिलेबी कधी खातो, हे सगळं माझ्या बायकोला ठाऊक असतं. ही एक गोष्ट मात्र तिच्याही कानावर गेलेली नाही. चर्चमध्ये दर रविवारी आम्ही सगळे मिळून पापांची कबुली म्हणतो. शंभर जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळून द्यायचा — सोपं असतं ते. एकट्याने तोंड उघडायचं म्हटलं की जीभ जड होते. आज उघडतो.

पण सुरुवात आवडीच्या गोष्टीने करू द्या. मला पहिल्या अल्बमांचं वेड आहे. गायकाचा असो, बँडचा असो, भजनी मंडळाचा असो — पहिलाच. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर उभं आयुष्य गेलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे क्रिकेटवरून भांडायचे, मी यावरून. दुसऱ्या अल्बमात माणूस शहाणा होतो. लोकांना काय आवडलं ते त्याला कळलेलं असतं. पहिल्यात त्याला काहीच कळलेलं नसतं, आणि ती भीती ऐकू येते. राहात्याच्या एका लग्नातल्या बँडची पहिली कॅसेट माझ्या कपाटात आहे. तिच्यात ऐन रंगात आलेल्या धूनमध्ये बाहेरून टेम्पोचा हॉर्न वाजतो. त्यांनी तो तसाच राहू दिला. मला तो हॉर्न पाठ आहे.

आणि या सगळ्यांत माझा आवडता कुठला? उगाच विनय कशाला दाखवू — आमचाच. श्रीरामपूरच्या आमच्या गल्लीतल्या मंडळाची पहिली कॅसेट. नाताळची आठ गाणी. पेटीवर आणि गायला दानियल सर, चालीही त्यांच्याच. मागे कोरस. झांजेवर याकोबदादा. ढोलकीवर मी. आजही लावा — कुठल्याही मोठ्या शहरातल्या मंडळींसमोर लावा. मान खाली घालावी लागणार नाही. मी हे छातीवर हात ठेवून सांगतो.

आता याकोबदादाबद्दल सांगायला हवं. इथेच माझी गाडी अडते.

तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, शेजारचा. जिनिंगवर कापसाचा टेम्पो चालवायचा. ढोलकी मला त्यानेच शिकवली, त्याच्या ओट्यावर बसवून, बोटं धरून. मंडळात ढोलकी आधी त्याचीच होती. एका रविवारी त्याने ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "तुझा हात मोकळा हाय. ढोलकी तूच धर, मी झांज घेतो." आपली जागा अशी उचलून कोण देतं? मी दिली असती का? नाही.

रेकॉर्डिंगला आम्ही पुण्याला गेलो. एका खोलीचा स्टुडिओ. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, एकदम गायचं. दोन गाणी झाली, उत्तम झाली. तिसरं सुरू झालं. शेवटचं कडवं. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला माणूस माझ्या ढोलकीवर मान डोलावत होता. मी त्याच्याकडे बघितलं. मनात म्हटलं, बघ — लेथवरचा माणूस आहे, बघून घे. आणि हात हवेतच राहिला. एक थाप — पूर्ण एक थाप — गेली.

याकोबदादा माझ्या डाव्या बाजूला होता. त्याने माझा हात हवेत अडलेला पाहिला आणि त्या भोकात झांजेचा एकच ठोका टाकला. छन्न. गाणं पडता पडता उभं राहिलं. पुढच्या थापेला मी परत आलो.

मग टेप ऐकवली. ती जागा आली तशी सरांनी मान वर केली. "हे कोण चुकलं?"

त्यांनी खोलीला विचारलं होतं, माझ्याकडे बघूनही नाही. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं — तेवढाही भित्रेपणा पुरला असता. पण मी बोललो. म्हणालो, "याकोबदादाची झांज मधेच पडली, सर."

याकोबदादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सरांना म्हणाला, "व्हय सर. माझंच चुकलं."

पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, पुढची पार्टी दारात ताटकळत होती. गाणं तसंच राहिलं. सरांच्या मनातही ते तसंच राहिलं. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी त्यांनी झांजेला दुसरा माणूस घेतला. आम्ही त्या रेकॉर्डिंगला निघालो त्या दिवशी याकोबदादा आम्हाला सोडायला स्टँडवर आला होता. गर्दीत मी एसटीत चढेपर्यंत माझी ढोलकी त्यानेच धरली, आणि मी बसल्यावर खिडकीतून आत दिली. तेव्हा तरी बोलावं की नाही? मी ढोलकी घेतली आणि "येतो" म्हणालो.

पुढे काय झालं ते जिल्ह्याला माहीत आहे. कॅसेट गावोगावच्या चर्चमध्ये गेली. पोरांनी गाणी तिच्यावरूनच उचलली, आणि तिसरं गाणं त्या चुकीसकट उचललं. शेवटच्या कडव्यात एक थाप सोडायची आणि तिथे झांजेऐवजी सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवायची. आता तर ते गाणं दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने कुणाला येतच नाही. नाताळात अख्खं चर्च त्या एका टाळीची वाट बघतं. लहान लेकरं आधीपासून हात उघडून उभी असतात. माझ्या अंगावर काटा येतो, अजून येतो. अभिमान वाटतो. कशाचा वाटतो, ते मात्र कुणी विचारू नये असं वाटतं.

आणि विचारलंच. गेल्या नाताळात तरुण मंडळींनी पहिल्या कॅसेटसाठी मला शाल दिली. सर आता हयात नाहीत. एका मुलीने माइक पुढे केला. "काका, ती रिकामी जागा तुम्हाला सुचली कशी?"

याकोबदादा तिसऱ्या रांगेत बसला होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. मला तो स्वच्छ दिसत होता. मी म्हणालो, "सुचतं गं. गाण्यालाही श्वास घ्यायला जागा लागते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही काठी मांडीवर आडवी ठेवून वाजवल्या. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हात अजून मोकळा हाय तुझा."

एकाच चुकीवर मी दोनदा खोटं बोललो. पहिल्यांदा ती त्याची म्हणून, दुसऱ्यांदा ती माझी करामत म्हणून.

उन्हाळ्यात याकोबदादा गेला. शेवटच्या उपासनेआधी त्याची मुलगी मार्था माझ्याकडे आली. "काका, तिसरं गाणं वाजवा. अप्पा घरात तेवढंच लावायचे." मी ढोलकी घेतली. त्याची शवपेटी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. गाणं चांगलं चाललं होतं. शेवटचं कडवं आलं, सवयीने मी थाप सोडली, सगळ्यांनी सोडली.

आणि टाळी पडली नाही. मयताच्या घरी कोण टाळी वाजवणार? कुणी हात उचलला नाही. गाणारे एकमेकांकडे बघत राहिले, सूर खाली बसला, पेटीवाला पोरगा गडबडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझी चूक जशी होती तशी ऐकू आली.

आमचा पहिला अल्बम मला अजूनही सगळ्यांत आवडतो, आणि त्याच्याबद्दलचा माझा ताठा काही कमी झालेला नाही. पण तिसऱ्या गाण्यातली ती थाप मी मुद्दाम सोडली नव्हती. मी चुकलो होतो. झांज याकोबदादाची होती, आणि ती बरोबर पडली होती.