वर न जाणारी नजर

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मी वसईत दवाखाना उघडला. एकदा अर्नाळ्याची एक कोळीण शेजारच्या मुलीला घेऊन आली. मी डोकेदुखीचं औषध लिहू लागताच तिने माझं मनगट धरलं.

“पोरीची नजर वर जात नाय. माझ्या पोराचं असंच झालेलं.”

तिचा मुलगा मेंदूतल्या दुर्मीळ गाठीने गेला होता. मृत्यूनंतर त्याचं डोकं उघडून तपासायला तिनेच परवानगी दिली होती.

मी मुलीला मुंबईला पाठवलं. तशीच गाठ निघाली, पण वेळेत. किरणांच्या उपचारांनी मुलगी वाचली.

हे सांगायला गेलो तेव्हा कोळीण वाळूत रोवलेल्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती.

“असल्या गाठीचे रोगी वहीत लिवता ना? माझ्या पोराला पयला लिवा. त्याच्यावरून या पोरीचं कललं.”

मी मुलाचं नाव विचारलं. तिने ते साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं सांगितलं.